फिल्टर चालू केला की तापमान का गोठतं? बीएलई स्कॅनिंगमधल्या डुप्लिकेट रिपोर्टचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा: शीतगृहात साठेक ब्लूटूथ लो एनर्जी तापमान-टॅग आहेत. ते जोडणी न करता ॲडव्हर्टायझिंग पॅकेटमधूनच (कुणीही ऐकावीत अशा छोट्या प्रसारणांतून) आकडा पाठवतात. गेटवेवर (टॅगांचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्रावर) स्कॅन करताना डुप्लिकेट फिल्टर चालू ठेवला तर प्रत्येक टॅगचा पहिला आकडा येतो आणि तिथेच थांबतो. फिल्टर बंद केला तर रिपोर्टांचा पूर येतो आणि काही टॅग मधूनच गायब होतात. शिवाय फिल्टर चालू असतानाही काही टॅग पुन्हापुन्हा दिसतात. बिघाड कंट्रोलरमध्ये (रेडिओ सांभाळणाऱ्या ब्लूटूथ चिपमध्ये) आहे की कोडमध्ये?

बहुधा दोन्हीकडे नाही. तुमच्या मनातलं ‘डुप्लिकेट’ आणि कंट्रोलरच्या लेखी ‘डुप्लिकेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला नको आहे तो तोच आकडा पुन्हा. कंट्रोलर अडवतो ते तेच यंत्र पुन्हा. हा फरक धरून चाललं की तुमच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा होतो.

ब्लूटूथच्या मूळ विनिर्देशातली व्याख्या रोखठोक आहे. लिंक लेयर (कंट्रोलरमधला रेडिओ हाताळणारा थर) स्कॅनिंगच्या अवस्थेत असेपर्यंत त्याच पत्त्यावरून आलेला पुढचा रिपोर्ट म्हणजे डुप्लिकेट. आतला डेटा बदलला तरी तो हिशोबात धरायचा नाही, असं तिथे स्पष्टच म्हटलं आहे. स्कॅन रिस्पॉन्सच्या, म्हणजे स्कॅनरने विचारल्यावर टॅग देतो त्या जादा उत्तराच्या, डेटालाही तेच लागू. म्हणजे टॅगने २.१ अंश पाठवले, मग २.४, मग ५.८, तरी नियमाने चालणारा कंट्रोलर पहिलाच आकडा वर पाठवून पुढचे गिळणार. फिल्टरची कल्पना ‘आसपास कोणती यंत्रं आहेत’ एवढंच विचारणाऱ्या होस्टसाठी (तुमचा कोड चालतो त्या बाजूसाठी) आहे: यादी दाखवायची, एक निवडायचं, जोडणी करायची. पॅकेटमधूनच सतत मोजमाप पाठवणाऱ्या यंत्रासाठी ती योग्य नाही.

आता पॅकेट अँटेनापासून तुमच्या कोडपर्यंत कसं येतं ते पाहा, कारण गळती कुठे होते हे या क्रमावर ठरतं. टॅग दर ॲडव्हर्टायझिंग फेरीत तेच पॅकेट ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनलवर पाठवतो (२४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ). दोन फेऱ्यांमधलं अंतर म्हणजे ठरवलेला इंटरव्हल अधिक ० ते १० मिलिसेकंदांचा यादृच्छिक विलंब. इंटरव्हल १०० मिलिसेकंद असेल तर सरासरी १०५ धरा, म्हणजे सेकंदाला साडेनऊ फेऱ्या. स्कॅनर एका वेळी एकाच चॅनलवर ऐकतो, म्हणून एका फेरीतून सहसा एकच पॅकेट हाती लागतं. त्याची सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) तपासली जाते आणि खराब असेल तर ते तिथेच संपतं. पुढे खाजगी (मधूनमधून बदलणारा) पत्ता ओळखता येत असेल तर ती पायरी, मग ॲक्सेप्ट लिस्ट (फक्त ठरवलेल्या पत्त्यांची यादी) लावली असेल तर ती चाळणी, आणि त्यानंतर डुप्लिकेटची तपासणी. त्यातून सुटलेलं पॅकेट एचसीआय (कंट्रोलर आणि होस्ट यांच्यातला दुवा) रिपोर्ट होऊन बफरमध्ये जातं, आणि बफरमधून यूएआरटी (सिरियल तार), यूएसबी किंवा चिपच्या आतल्याच रांगेतून होस्टकडे.

या साखळीत दोन जागा धोक्याच्या आहेत. पहिली डुप्लिकेटची यादी, दुसरी तिच्यानंतरचा बफर.

यादीची गोष्ट आधी. कंट्रोलरमध्ये रॅम मोजकी असते, त्यामुळे ‘आधी पाहिलेले पत्ते’ ठेवायला ठरावीक खणांचं एक कोष्टक असतं. एका खणात सहा बाइटचा पत्ता, तो सार्वजनिक की रँडम याची खूण, आणि बहुतेक वेळा कोणत्या प्रकारचे रिपोर्ट या पत्त्यावरून आधीच वर गेले आहेत याचे बिट. झेफर या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये या कोष्टकाची लांबी बांधणीच्या वेळी ठरते आणि मूळ मूल्य फक्त १६ आहे. ईएसपी३२ या वाय-फाय-ब्लूटूथ चिपवर ते मेनूकॉन्फिगमधून (बांधणीच्या सेटिंगमधून) १० ते १००० च्या दरम्यान ठेवता येतं, सध्याचं मूळ मूल्य १००. साठ टॅग, वर कामगारांच्या खिशातले फोन, घड्याळं, इअरबड: झेफरची १६ खणांची यादी सेकंदाच्या छोट्याशा अंशात भरते.

भरल्यावर काय होतं हे विनिर्देशात बांधलेलं नाही, ते चिपवर अवलंबून असतं. झेफर सर्वांत आधी भरलेल्या खणावर नवा पत्ता लिहितो आणि पुढे सरकत फिरत राहतो. परिणाम असा की ज्याचा खण पुसला गेला तो टॅग पुढच्या पॅकेटला पुन्हा ‘नवा’ ठरतो, त्याचा रिपोर्ट वर जातो आणि तो आणखी कुणाचा तरी खण पुसतो. सगळ्या टॅगांचा इंटरव्हल सारखा असेल तर त्यांची हजेरी जवळपास एकाच क्रमाने लागते, आणि मग ही घसरण फार तीव्र होते: १६ टॅगांपर्यंत फिल्टर चोख चालतो, थोडे वाढवले की तो जवळपास नसल्यासारखा होतो. यादृच्छिक विलंबामुळे क्रम हळूहळू विस्कटतो, त्यामुळे प्रत्यक्षात काही पॅकेटं अडतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ‘फिल्टर चालू असूनही काही टॅग पुन्हापुन्हा दिसतात’ याचं सर्वांत सामान्य कारण हेच. याशिवाय यादी भरली की ती पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करणारी, किंवा नव्या पत्त्यांना यादीत जागाच न देता सरळ वर सोडणारी रचनाही करता येते. चिपच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं नसेल तर ते मोजूनच कळतं. पद्धत शेवटी दिली आहे.

पुन्हा दिसण्याची आणखी कारणं आहेत. यंत्र खाजगी पत्ता वापरत असेल तर तो काही वेळाने बदलतो. विनिर्देशातली सुचवलेली मुदत ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटं. पत्ता बदलला की फिल्टरच्या दृष्टीने ते कोरं करकरीत यंत्र, अपवाद फक्त कंट्रोलरच्या रिझॉल्व्हिंग लिस्टमध्ये त्याची ओळख-किल्ली असण्याचा. तापमान-टॅग सहसा स्थिर पत्ता ठेवतात, पण आसपासचे फोन तसे नसतात, आणि यादीतले खण तेही खातात. दुसरं कारण ॲक्टिव्ह स्कॅन, ज्यात स्कॅनर टॅगला जादा माहिती विचारतो: एका टॅगकडून मूळ ॲडव्हर्टायझिंग आणि स्कॅन रिस्पॉन्स असे दोन वेगळ्या प्रकारचे रिपोर्ट येतात. प्रकाराचे बिट ठेवणारा कंट्रोलर दोन्ही एकेकदा सोडतो, आणि ते बरोबरच आहे, कारण नाव बहुतेक वेळा स्कॅन रिस्पॉन्समध्ये असतं. जो कंट्रोलर फक्त पत्ता पाहतो तिथे उलटी अडचण येते. टॅग दिसतो पण त्याचं नाव कधीच येत नाही.

तिसरं कारण आरएसएसआय, म्हणजे आलेल्या सिग्नलची तीव्रता. लिनक्स कर्नलच्या ब्लूटूथ कोडमध्ये एक टिप्पणी आहे आणि ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे: वेगवेगळे कंट्रोलर ‘डुप्लिकेट’चा वेगवेगळा अर्थ लावतात. काही सारखा पत्ता म्हणजे डुप्लिकेट मानतात, काही सारखा पत्ता आणि सारखीच सिग्नल तीव्रता. दुसऱ्या प्रकारात माणूस टॅगसमोरून गेला तरी आकडा दोन-चार डीबीने हलतो आणि रिपोर्ट वर येतो. पहिल्या प्रकारच्या काटेकोर कंट्रोलरसाठी कर्नलमध्ये वेगळी खूणच ठेवली आहे. ती असेल तर ताजी तीव्रता मिळावी म्हणून सेवेनुसार चाललेल्या शोधात कर्नल पूर्वी स्कॅन मधूनमधून थांबवून पुन्हा सुरू करत असे, नव्या कर्नलमध्ये तो अशा शोधात कंट्रोलरचा फिल्टरच बंद ठेवतो. एकाच कोडचं वागणं दोन डोंगलांवर वेगळं दिसलं तर आधी इथे पाहा.

लिनक्सवर अजून एक गोंधळ होतो. ब्लूझेडचा (लिनक्सच्या ब्लूटूथ प्रणालीचा) शोध अखंड नसतो, तो फेऱ्यांनी चालतो. एलईची फेरी १०.२४ सेकंदांची, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा सुरुवात. प्रत्येक सुरुवातीला कंट्रोलरची यादी कोरी होते. म्हणून फिल्टर चालू असतानाही दर काही सेकंदांनी एक ताजा आकडा येतो आणि ‘टॅगच हळू पाठवतोय’ असा समज होतो. टॅगचा दोष नसतो, स्कॅनची फेरी संपलेली असते.

आता मुख्य प्रश्न: डेटा बदलला तर रिपोर्ट यावा, नाही तर येऊ नये, असं कंट्रोलरकडूनच करून घेता येईल का? काही प्रमाणात. ईएसपी३२ वर फिल्टरचे तीन प्रकार निवडता येतात: फक्त पत्ता, फक्त डेटा, आणि पत्ता अधिक डेटा. दुसरा प्रकार तुमच्यासाठी घातक आहे. त्यात दोन वेगवेगळ्या टॅगांचा डेटा तंतोतंत सारखा असेल तर दुसऱ्याचा रिपोर्ट येतच नाही. एकाच कारखान्याचे टॅग, डेटामध्ये अनुक्रमांक नाही, दोघांचंही तापमान ४.० अंश आणि बॅटरी १०० टक्के, की एक टॅग तुमच्या पडद्यावरून नाहीसा. शीतगृहात सगळीकडे तापमान सारखंच असावं अशी अपेक्षा असते, म्हणजे हा अपघात रोजचा.

तिसरा प्रकार, पत्ता अधिक डेटा, ऐकायला अगदी हवा तसा वाटतो, पण त्यातही खाच आहे. यादीत फक्त ‘शेवटची’ जोडी नसते, आजवर पाहिलेल्या सगळ्या जोड्या असतात. टॅगने ४.० पाठवले, मग ४.१, मग परत ४.०. तिसऱ्या वेळी कंट्रोलर म्हणतो की ही जोडी मी पाहिली आहे, आणि रिपोर्ट गिळतो. तुमच्या पडद्यावर ४.१ गोठून राहतं. नियंत्रित खोलीत तापमान दोन-तीन आकड्यांमध्येच खालीवर होत असल्याने ही चूक तासन्‌तास टिकते, आणि आकडा पटण्यासारखा असल्याने कुणाला संशयही येत नाही. शिवाय प्रत्येक नवा आकडा नवा खण खातो. साठ टॅगांना १०० खण म्हणजे टॅगमागे दोनही नाहीत.

त्यावर दोन उपाय आहेत. ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ च्या विकाससंचात) यादी ठरावीक सेकंदांनी पुसण्याची सेटिंग आहे. मूळ मूल्य ०, म्हणजे स्कॅन थांबेपर्यंत पुसायचीच नाही. ती १० केली तर वरची गोठण्याची चूक जास्तीत जास्त दहा सेकंदांची होते. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय टॅगच्या बाजूला आहे: पॅकेटमध्ये अनुक्रमांक असणं. बीटीहोम या खुल्या मांडणीत एक बाइटचा पॅकेट-क्रमांक याच कामासाठी दिला आहे. रूवी या टॅगांच्या पाचव्या मांडणीत दोन बाइटचा मोजमाप-क्रमांक असतो. क्रमांक बदलला म्हणजे मोजमाप नवं, आकडा तोच असला तरी. एक बाइटचा क्रमांक २५६ नंतर पुन्हा फिरतो, तेव्हा यादी कधीच पुसली जात नसेल आणि खण भरपूर असतील तर जुनी जोडी पुन्हा जुळू शकते. म्हणून दोन्ही उपाय एकत्र वापरा.

डेटा जसाच्या तसा साठवायला एका खणाला ३१ बाइट जादा लागतील, म्हणून फिल्टर लिहिणारे बहुधा त्याचा हॅश (डेटावरून काढलेला छोटा आकडा) ठेवतात. हॅश १६ बिटांचा असेल तर बदललेला डेटा मागच्यासारखाच भासण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक, आठ बिटांचा असेल तर २५६ मध्ये एक. स्वतः फिल्टर लिहिणार असाल तर ३२ बिटांखाली उतरू नका. खणामागे दोन बाइट वाचवून मिळत काहीच नाही.

ब्लूटूथ ५.० मध्ये (डिसेंबर २०१६) विस्तारित ॲडव्हर्टायझिंग आलं आणि हा प्रश्न मुळातून सोडवायची सोय झाली. त्या पॅकेटमध्ये दोन बाइटचं एडीआय नावाचं क्षेत्र असतं: चार बिटांचा संचाचा क्रमांक आणि बारा बिटांची डेटाची ओळख, म्हणजे डीआयडी. डेटा बदलला की पाठवणारा कंट्रोलर डीआयडी बदलतो. ऐकणाऱ्याने फक्त पत्ता, संच आणि डीआयडी एवढंच ताडून पाहायचं, डेटा उघडायची गरजच नाही. डेटा तोच ठेवून फक्त डीआयडी बदलायची सोयही होस्टला दिली आहे, म्हणजे ‘आकडा तोच आहे पण मी तो पुन्हा मोजला’ हे सांगता येतं. नव्या टॅगांची खरेदी हातात असेल आणि गेटवेची चिप विस्तारित स्कॅन करत असेल, तर मी हाच मार्ग घेईन. जुन्या धाटणीच्या पॅकेटांत एडीआय नसतंच, त्यामुळे आहेत त्या टॅगांना याचा उपयोग नाही.

विस्तारित स्कॅनच्या कमांडमध्ये फिल्टरला ० आणि १ खेरीज २ हेही मूल्य आहे: फिल्टर चालू, पण प्रत्येक कालखंडाच्या सुरुवातीला यादी कोरी. हे जुन्या टॅगांनाही लागू पडतं. त्यासाठी स्कॅनचा अवधी आणि कालखंड दोन्ही शून्याहून मोठे असावे लागतात आणि अवधी कालखंडापेक्षा लहान. एककं वेगळी आहेत, इथे हमखास चूक होते: अवधी १० मिलिसेकंदांच्या एककात, कालखंड १.२८ सेकंदांच्या. अवधी १००० (१० सेकंद) आणि कालखंड ८ (१०.२४ सेकंद) ठेवला तर दर सव्वादहा सेकंदांनी प्रत्येक टॅगचा एक ताजा रिपोर्ट येतो, आणि न ऐकण्याची फट फक्त २४० मिलिसेकंदांची राहते. शीतगृहाच्या तापमानाला दहा सेकंदांची ताजी नोंद भरपूर झाली. अट एवढीच की यादीचे खण आसपासच्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त हवेत, नुसत्या टॅगांपेक्षा नव्हे.

जुन्या कमांडवर हेच हाताने करायचं तर स्कॅन बंद करा आणि लगेच चालू करा. चालू असतानाच पुन्हा ‘चालू’ची कमांड देण्यावर विसंबू नका. तेव्हा फिल्टरच्या निवडीतला बदल लागू होतो, पण यादी पुसली जाईलच असं गृहीत धरता येत नाही. स्कॅन चालू असताना स्कॅनचा इंटरव्हल (ऐकण्याची फेरी किती वेळाने सुरू होते) किंवा विंडो (त्यातला किती वेळ ऐकायचं) बदलायला गेलात तर ‘कमांड डिसअलाउड’ हे उत्तर येतं, तेही बंद करूनच बदला. बंद केल्यावरही काही जुने रिपोर्ट रांगेत शिल्लक असतात. ते नव्या फेरीचे समजले जाऊ नयेत म्हणून बंद झाल्याचा होकार येईपर्यंत थांबा.

अँड्रॉइडवर ही युक्ती करू नका. आवृत्ती ७ पासून एका ॲपने ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केला की पुढचे स्कॅन गुपचूप रिकामे जातात, त्रुटीही धड मिळत नाही. तिथे एकच स्कॅन चालू ठेवून सर्व जुळण्या कळवणारा कॉलबॅक घ्यायचा. आयफोनवर डुप्लिकेट येऊ देण्याचा पर्याय स्वतःहून मागावा लागतो, आणि ॲप पार्श्वभूमीला गेलं की तो पर्याय दुर्लक्षिला जातो. कायमची नोंद ठेवायची असेल तर फोन हा गेटवे नव्हे.

फिल्टर बंद केल्यावर टॅग गायब होतात, ही तुमची दुसरी तक्रार. इथे कारण बफर आणि तार. जुन्या धाटणीचा एक पूर्ण रिपोर्ट एचसीआय यूएआरटीवर ४६ बाइटचा होतो: पॅकेटप्रकार, घटना-क्रमांक आणि लांबीचे तीन, उपघटना आणि रिपोर्टसंख्येचे दोन, प्रकाराचा एक, पत्त्याचे सात, डेटालांबीचा एक, डेटाचे ३१, तीव्रतेचा एक. १,१५,२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० बाइट जातात, म्हणजे फार तर २५० रिपोर्ट. तुमचे साठ टॅग गुणिले साडेनऊ म्हणजे ५७०. स्कॅन विंडो ३० आणि स्कॅनचा इंटरव्हल ५० मिलिसेकंद असेल तर त्यातले सुमारे साठ टक्के ऐकू येतात, म्हणजे साधारण ३४०. ॲक्टिव्ह स्कॅन असेल तर स्कॅन रिस्पॉन्स वेगळे. तार २५० च नेऊ शकते. उरलेले टाकले जातात, आणि ॲडव्हर्टायझिंग रिपोर्ट टाकून दिले तरी चालतील असंच ही सगळी व्यवस्था मानते. विस्तारित रिपोर्टचं शीर्षक आणखी मोठं असतं, तितक्याच ३१ बाइटच्या डेटाला ६० बाइट लागतात, म्हणजे त्याच तारेवर १९२ रिपोर्ट. ९,२१,६०० बॉडवर गेलात तर जुन्या धाटणीचे सेकंदाला दोन हजार रिपोर्ट मावतात आणि प्रश्न मिटतो, फक्त हार्डवेअर फ्लो कंट्रोलच्या दोन्ही तारा जोडलेल्या हव्यात. त्या नसतील तर बाइट गळतात आणि एचसीआयची रांगच विस्कटते.

फिल्टर आणि बफर यांची सांगड वाईट पडली तर एक विचित्र दोष दिसतो. कंट्रोलरने पत्ता आधी यादीत लिहिला आणि मग रिपोर्टला बफर मिळाला नाही, तर तो टॅग कायमचा ‘पाहिलेला’ ठरतो आणि होस्टला कधीच कळत नाही. स्कॅन सुरू होताच सगळे टॅग एकदम नवे असतात, तेव्हा नेमकी हीच गर्दी होते. लक्षण ओळखायचं असं: दर वेळी स्कॅन सुरू केल्यावर वेगवेगळे दोन-तीन टॅग बेपत्ता, आणि स्कॅन पुन्हा सुरू केला की ते येतात, दुसरे जातात. असं दिसलं तर रिपोर्टांचे बफर वाढवा. झेफरमध्ये टाकून देता येणाऱ्या घटनांच्या बफरची संख्या वेगळी ठरवता येते.

टॅग गायब होण्याचं साधं कारणही विसरू नका: ऐकलंच नाही. विंडो भागिले इंटरव्हल हे तुमचं ऐकण्याचं प्रमाण. टॅग सेकंदाला एकदाच पाठवत असेल आणि प्रमाण दहा टक्के असेल तर सरासरी दहा सेकंदांनी एक पॅकेट हाती लागणार, त्याला फिल्टर जबाबदार नाही. विजेवर चालणाऱ्या गेटवेवर विंडो आणि इंटरव्हल सारखेच ठेवा, उदाहरणार्थ दोन्ही १०० मिलिसेकंद. ईएसपी३२ वर मात्र वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच रेडिओवर असतात, त्यामुळे कागदावरचे शंभर टक्के प्रत्यक्षात शंभर नसतात. वाय-फायवर सतत पाठवत राहण्यापेक्षा नोंदी गोळा करून दर पाच-दहा सेकंदांनी एकगठ्ठा पाठवल्या तर स्कॅनला बराच वेळ मिळतो.

तुमच्या साठ टॅगांसाठी मी काय करीन ते सांगतो. कंट्रोलरचा फिल्टर बंद. स्कॅन पॅसिव्ह, कारण आकडा मूळ पॅकेटमध्येच आहे आणि साठ टॅगांना स्कॅन रिक्वेस्ट पाठवून हवेत गर्दी करण्यात अर्थ नाही, टॅगची बॅटरीही वाचते. गाळणी होस्टमध्ये, स्वतःच्या नियमाने. कोष्टकात १२८ खण, प्रत्येकी १६ बाइट: पत्ता सहा, पत्त्याचा प्रकार एक, शेवटच्या डेटाचा हॅश चार, वर पाठवल्याची वेळ चार, सरासरी तीव्रता एक. एकूण दोन केबी, कुठल्याही गेटवेला परवडणारे. अनोळखी पत्ते कोष्टकात घ्यायचेच नाहीत. आधी निर्मात्याचा कोड किंवा सेवेचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) तपासा, मगच खण द्या, म्हणजे फोन आणि इअरबड दारातच थांबतात.

नियम असा: हॅश शेवटच्या हॅशपेक्षा वेगळा असेल तर पुढे पाठवा. फक्त शेवटच्याच, जुन्या सगळ्यांशी ताडू नका, म्हणजे ४.० वरून ४.१ आणि परत ४.० हा प्रवास नीट दिसेल. हॅश तोच असेल पण मागच्या वेळेपासून ३० सेकंद उलटले असतील तरीही पाठवा. हे दुसरं कलम गाळू नका. त्याशिवाय तापमान स्थिर असलेला टॅग आणि बॅटरी संपलेला टॅग पडद्यावर सारखेच दिसतात, आणि शीतगृहात हा फरक मालाचा असतो. तीव्रता हॅशमध्ये घेऊ नका. ती वेगळी ठेवून प्रत्येक पॅकेटला सात भाग जुनी आणि एक भाग नवी अशी सरासरी काढा. तिन्ही चॅनलांवर परावर्तनं वेगळी असल्याने एकाच टॅगचा आकडा पॅकेटागणिक उडतो. तीव्रतेचं मूल्य १२७ आलं तर ते मोजमाप नाही, ‘उपलब्ध नाही’ अशी खूण आहे, ते सरासरीत मिसळलं की सगळं बिघडतं.

लिनक्स गेटवेवर ब्लूझेडमार्फत जात असाल तर शोधाच्या फिल्टरमध्ये ‘डुप्लिकेटडेटा’ हा पर्याय चालू करा. मग निर्मात्याचा आणि सेवेचा डेटा जेव्हा जेव्हा ऐकू येतो तेव्हा तेव्हा कळवला जातो. ब्लूटूथसीटीएलमध्ये तो स्कॅनच्या उपमेनूत आहे. जुनी एचसीआयटूलची सवय सोडा, ते साधन केव्हाच कालबाह्य ठरवलं गेलं आहे.

कंट्रोलरचा फिल्टर चालूच ठेवावा लागतो अशा परिस्थिती दोनच: तार अरुंद आहे आणि बदलता येत नाही, किंवा होस्टला झोपवून बॅटरी वाचवायची आहे. तेव्हा आधी ॲक्सेप्ट लिस्ट वापरा. ती डुप्लिकेटच्या तपासणीआधी लागते, त्यामुळे परकी यंत्रं यादीचे खण खात नाहीत. तिचा आकार वाचण्याची कमांड आहे, ती चालवून पाहा. साठ पत्ते अनेक चिपांत मावत नाहीत. मावत असतील तर विस्तारित स्कॅन आणि फिल्टरचं २ हे मूल्य, वर सांगितलेल्या अवधीसह.

काही मांडण्यांत मात्र पत्त्यावरचा फिल्टर कधीच लावू नये. एडीस्टोन बीकन एकाच पत्त्यावरून आलटूनपालटून वेगवेगळ्या चौकटी पाठवतो: ओळख, दुवा, आणि बॅटरीचा व्होल्टेज-तापमान देणारी टीएलएम. फिल्टर चालू असेल तर जी चौकट आधी ऐकू आली तीच मिळते, आणि टीएलएम क्वचित पाठवली जात असल्याने नेमकी तीच हुकते. ब्लूटूथ मेशमध्ये (यंत्रं एकमेकांचे संदेश पुढे पोचवतात त्या जाळ्यात) तर प्रत्येक नोड एकाच पत्त्यावरून दर वेळी नवा संदेश पाठवू शकतो. तिथे पुनरावृत्ती ओळखायचं काम नेटवर्क थराची संदेश-नोंद आणि अनुक्रमांक करतात. ईएसपी३२ वर मेशसाठी वेगळी डुप्लिकेट यंत्रणा दिली आहे ती याचसाठी.

आता आपला कंट्रोलर कोणत्या जातीचा आहे ते मोजायची पद्धत. एक विकासबोर्ड घ्या, इंटरव्हल १०० मिलिसेकंद, निर्मात्याच्या डेटामध्ये दर सेकंदाला एकाने वाढणारा एक बाइट. बोर्ड मीटरभर अंतरावर स्थिर ठेवा. गेटवेवर पॅसिव्ह स्कॅन, विंडो आणि इंटरव्हल सारखे, फिल्टर चालू, आणि कच्चे एचसीआय रिपोर्ट पाहायला लिनक्सवर बीटीमॉन हे साधन. स्कॅन थेट एचसीआय कमांडने चालू करा, ब्लूझेडच्या फेऱ्या मध्ये नकोत. तीस सेकंदांत एकच रिपोर्ट आला तर फिल्टर फक्त पत्त्यावर आहे. तीसच्या आसपास आले तर डेटाही धरला जातो. त्याहून बरेच जास्त आले आणि लागोपाठच्या रिपोर्टांत तीव्रता बदललेली दिसली तर ती धरली जाते. मग बाइट वाढवण्याऐवजी ०, १, ०, १ असा फिरवा: डेटा धरणाऱ्या कंट्रोलरकडून दोनच रिपोर्ट आले तर तो सगळा इतिहास ठेवतो, तीस आले तर फक्त शेवटचा.

यादीची लांबी मोजायला त्याच बोर्डवरून खोटे पत्ते फिरवा. स्थिर रँडम पत्त्याचे वरचे दोन बिट १ असावे लागतात, बाकी ४६ तुमच्या हातात. जुन्या कमांडांनी ॲडव्हर्टायझिंग चालू असताना पत्ता बदलता येत नाही, म्हणून थांबवा, पत्ता बदला, सुरू करा, प्रत्येकी ३०० मिलिसेकंद पाठवू द्या आणि पुढच्या पत्त्यावर जा. आठ पत्त्यांपासून सुरुवात करून संख्या दुप्पट करत न्या, आणि प्रत्येक संख्येला तीन पूर्ण फेऱ्या. दुसऱ्या फेरीत जुने पत्ते पुन्हा रिपोर्ट व्हायला लागले की लांबी त्या संख्येच्या आणि मागच्या संख्येच्या मध्ये आहे. दुसऱ्या फेरीत जवळपास सगळेच परतले तर चक्राकार खोडणं किंवा पूर्ण पुसणं आहे. पहिले ठरावीक पत्ते गप्प राहून फक्त उरलेले परतले तर भरलेल्या यादीत नव्यांना जागा मिळत नाही. आणि उरलेले पहिल्या फेरीतसुद्धा एकदाही दिसले नाहीत, तर त्या कंट्रोलरचा फिल्टर कोणत्याच गेटवेवर चालू करू नका. ही चाचणी फोन आणि घड्याळांपासून दूर, शक्यतो बंद धातूच्या कपाटात करा, नाही तर परकी यंत्रं खण व्यापतात आणि लांबी खऱ्यापेक्षा कमी भरते.